लग्नाआधी लेकीच्या नाकाची सर्जरी करावी का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही देवगडजवळच्या गावातून लिहिलंय. मुलगी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, कुडाळला पतसंस्थेत नोकरीला. दोन स्थळं परत गेली. दुसऱ्या वेळी मध्यस्थांनी "मुलगी चांगली आहे, पण नाक जरा पसरट आहे" असं तुमच्या कानावर घातलं, ते तिनंही ऐकलं, आणि तेव्हापासून नाकाची सर्जरी करायचीच म्हणून ती हटून बसलीय. मुंबईच्या एका क्लिनिकनं तिला कॉम्प्युटरवर नवा चेहरा दाखवला, "आठवड्यात घरी" म्हणून सांगितलं. तिच्या बाबांच्या हातात यंदाच्या आंब्याचे पैसे आहेत, तेही तयार आहेत. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा स्थळं बघायची, त्याआधी हे उरकून घ्यावं असं घरात चाललंय. नाक तिच्या आजीवर, म्हणजे तुमच्या सासूबाईंवर गेलंय, हेही तुम्ही लिहिलंत. आणि विचारलंत की यात धोका किती, पुढे आयुष्यभराचा त्रास राहतो का, आणि करावं की नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता येतील. तिसऱ्याचं उत्तर मुलीला समोर बसवून, नाक हातात धरून तपासल्याशिवाय कुठल्याच सर्जननं देऊ नये. मीही देणार नाही. पण त्या उत्तरापर्यंत मी कशी पोचते, ते सांगते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी प्लास्टिक सर्जन आहे, शिक्षण मुंबईत झालं, गेली अठरा वर्षं रत्नागिरीत काम करते. माझं बरंचसं काम हायवेवरच्या अपघातांचं, कलमांवरून पडलेल्या गड्यांचं, होडीच्या दोरात सापडून तुटलेल्या बोटांचं, भाजलेल्या बायकांचं आणि दुभंगलेल्या ओठाच्या बाळांचं. रूप सुधारण्यासाठी येणारे त्यामानानं कमी, पण दरवर्षी वाढतायत. त्यांच्याही सर्जऱ्या मी करते, आणि मनापासून करते. हर्णैकडची एक मासे विकणारी बाई आली होती. जड कुड्यांनी कानाच्या पाळ्या फाटून दोन लोंबत्या शेंड्या झाल्या होत्या. जागेवरच भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात दोन्ही कान शिवले. तीन महिन्यांनी जुन्या व्रणाच्या बाजूला नव्यानं टोचले आणि ती हलक्या कुड्या घालून दाखवायला आली, तेव्हा अख्ख्या ओपीडीला तिनं कान दाखवले. त्या कानांवाचून तिचं काही अडत नव्हतं. तरी ती सर्जरी करावी अशीच होती. तेव्हा सौंदर्यासाठी सर्जरी म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही.

पण तुमच्या पत्रात मला नाकापेक्षा वेगळी अडचण दिसते. नाकाबद्दलची तक्रार मध्यस्थांनी केली, तारीख लग्नसराईनं ठरवली, चेहरा क्लिनिकच्या कॉम्प्युटरनं काढला आणि पैसे बाबांनी काढले. यात मुलीचं स्वतःचं म्हणणं काय आहे, ते मला वाचायला मिळालं नाही. "हटून बसलीय" एवढंच कळलं.

अशी मुलगी माझ्याकडे आली की मी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवते. मग तिला विचारते: "समजा उद्या सकाळी फोन आला, तेच स्थळ म्हणतंय की आम्हाला मुलगी पसंत आहे. तरी तू नाक करून घेशील?" काही मुली क्षणभरही थांबत नाहीत. "मग कशाला करू?" म्हणतात आणि स्वतःच्याच उत्तरानं चमकतात. त्यांची सर्जरी मी करत नाही, निदान त्या वर्षी तरी नाही. काही जणी मात्र म्हणतात, "हो, तरी करीन." चिपळूणकडच्या एका मुलीनं असं सांगितलं होतं. सातवीत सायकलवरून पडली, नाकाच्या दांड्यावर उंचवटा आला, तेव्हापासून हसताना तिचा तळहात आपोआप नाकावर जायचा. माझ्याशी बोलतानाही गेला, दोनदा. तिला लग्न नको होतं, नोकरीचं काही नव्हतं, कुणी टोकलंही नव्हतं. तिची सर्जरी केली. ती काही चाफेकळी नाकाची सुंदरी झाली नाही. पण वर्षानं आली तेव्हा मी मुद्दाम तिला हसवलं आणि हात बघत राहिले. हात मांडीवरच होता.

पहिल्या प्रकारच्या मुलींच्या सर्जऱ्याही मी सुरुवातीच्या वर्षांत केल्यात, हे कबूल करायला हवं. वेंगुर्ल्याकडची एक मुलगी आठवते. नाक चांगलं झालं होतं, लग्नही ठरलं. दीड वर्षानं ती पुन्हा आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "बाई, नाक झाला, आता सासू रंग काढता." तिच्या नाकात मला दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ज्या तोंडांना गप्प करायला तिनं सर्जरी करून घेतली, ती तोंडं माझ्या टेबलावर कधी आलीच नव्हती. त्या दिवसापासून फोनचा तो प्रश्न मी प्रत्येकीला विचारते.

आता नाकाकडे येते. "पसरट" हा शब्द आम्हाला फार मोघम वाटतो. कुणाच्या नाकाचं हाड रुंद असतं, कुणाचा दांडाच बसका असतो, कुणाचा शेंडा गोल आणि जाड असतो, कुणाच्या नाकपुड्या बाजूला पसरलेल्या असतात. प्रत्येकाची सर्जरी वेगळी. लोकांना वाटतं की सुतार रंधा मारतो तसं नाक तासून बारीक करायचं. आपल्याकडच्या बऱ्याच नाकांत उलटं असतं. कातडी जाड, आतलं कार्टिलेज, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असतं तसलं लवचिक हाड, ते नाजूक. नुसतं तासलं तर जाड कातडी आतल्या सांगाड्यावर घट्ट बसत नाही, शेंडा आणखीच बोथट दिसतो. म्हणून नाक रेखीव दिसायला पुष्कळदा आत भर घालावी लागते. ते कार्टिलेज नाकाच्या मधल्या पडद्यातून, कानातून, क्वचित बरगडीतून घेतात. नाकपुड्या कमी करायच्या तर गालाला लागून असलेल्या खाचेत काप घेतात. तिथे बारीक व्रण राहतोच. "व्रणच नाही" असं कुणी म्हणालं, तर कुठून कापणार आहात ते चित्र काढून दाखवायला सांगा.

आणि मर्यादा अशी की तिच्या चेहऱ्याच्या ठेवणीत जेवढं बसतं तेवढंच करता येतं. कॉम्प्युटरवरच्या चित्राला कातडी नसते, सूज येत नाही, त्याला श्वास घ्यायचा नसतो. ते चित्र बोलणी करायला बरं, मुलीला नेमकं काय हवंय ते त्यातून कळतं. पण ते वचन नाही, आणि ते वचन म्हणून दाखवणाऱ्याकडे मी तरी माझी मुलगी पाठवणार नाही.

"आठवड्यात घरी" हे अर्धं खरं आहे. आठवड्यानं नाकावरचं प्लास्टर निघतं. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत ओसरतं. चारचौघांत जाण्याइतपत सूज तीन-चार आठवड्यांत उतरते. पण शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला दीड वर्षही. म्हणजे ऑगस्टमध्ये सर्जरी केली आणि डिसेंबरात बघण्याचा कार्यक्रम झाला, तर समोरचे जे नाक बघतील ते तिचं कायमचं नाक नसेलच. कदाचित ते आधीपेक्षा जाड दिसेल. तेवढ्या महिन्यांत मुली रोज आरसा बघतात, रोज खचतात, आणि घरचे म्हणतात की पैसे बुडाले.

त्यातच एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. लग्नात ती नथ घालणार ना? टोचलेल्या नाकात मोत्यांची भरलेली नथ तासन्‌तास वजनानं ओढते, आणि न टोचलेल्या नाकाची दाबाची नथ नाकपुडीला चिमट्यासारखी धरते. नाकपुडीला काप घेतलेला असेल, तर व्रण पक्का होईपर्यंत दोन्ही नकोत. मी सहा महिने नथ घालू देत नाही. चष्मा असेल तर तोही चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. ऊन टाळायचं, कारण ताज्या व्रणाला ऊन लागलं की तो काळवंडतो, आणि आपल्या किनाऱ्यावर पाण्यावरून परतणारं ऊनही कमी नसतं.

धोक्यांबद्दल. योग्य सर्जन, योग्य भूल आणि निरोगी मुलगी असेल तर जिवाला धोका फार कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, कारण ही बहुतेकदा पूर्ण भुलेची दोन-तीन तासांची सर्जरी आहे. रक्तस्राव पहिल्या दिवशी होऊ शकतो, आणि खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा होऊ शकतो. म्हणून मुंबईत करायचं ठरलंच, तर तिसऱ्या दिवशी रात्रीच्या बसमध्ये बसवून तिला गावी आणू नका. भर पावसात घाटात नाकातून रक्त सुरू झालं तर काय कराल? लालबागला, डोंबिवलीला, विरारला आपलं कुणी ना कुणी असतंच. दहा-बारा दिवस त्यांच्याकडे राहू द्या.

पुढच्या त्रासांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो श्वासाचा. नाक बारीक करण्याच्या नादात आतला आधार जास्त काढला गेला, तर जोरात श्वास घेताना नाकाच्या बाजू आत ओढल्या जातात. अशी माणसं रात्री तोंड उघडं टाकून झोपतात, सकाळी घसा कोरडा. बाहेरून फोटोत नाक उत्तम. शेंड्याला काही महिने बधिरपणा राहतो, तो बहुतेकांचा जातो. आणि शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना दुसऱ्यांदा दुरुस्तीची सर्जरी लागते, जगभरचा अनुभव असाच आहे. माझ्या हातच्या एका नाकाचा शेंडा वर्षभरात डावीकडे झुकला, दोनेक मिलिमीटर. इतरांना दिसत नव्हता, तिला रोज दिसत होता, आणि तिचं बरोबर होतं. वर्ष थांबून मी तो पुन्हा केला. दुसरी सर्जरी पहिलीपेक्षा अवघड असते, कारण आत सगळं चिकटलेलं असतं. म्हणून पहिल्या वेळीच विचारून घ्या की दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा. नाकाच्या दांड्यावर सिलिकॉनची पट्टी घालणार असतील, तर तेही विचारा. ती झटपट होते, पण काही जणांत वर्षांनंतर जंतुसंसर्ग होऊन कातडीतून बाहेर येते.

अजून एक विचारते, रागवू नका. मुलगी मशेरी लावते का? आपल्याकडे आजीबरोबर न्हाणीघरात सवय लागलेल्या किती तरी शिकलेल्या मुली मी बघितल्यात, आणि त्या आईसमोर कधीच सांगत नाहीत. मशेरीतल्या तंबाखूच्या निकोटीननं कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या आकसतात, जखम भरत नाही, कधी कापाच्या कडा काळ्या पडून मरतात. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, मशेरीचं कुणी विचारत नाही. सर्जरीआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, त्याशिवाय मी हात लावत नाही.

इतकं सगळं मुख्यतः शरीराबद्दल झालं. मनावरचा परिणाम हा मला जास्त काळजीचा विषय वाटतो.

नीट निवडलेल्या, अपेक्षा आटोक्यात असलेल्या बहुतेक माणसांना नाकाच्या सर्जरीनं समाधान मिळतं. हे खरं आहे, मी रोज बघते. पण थोड्या जणांना एक आजार असतो, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा. इटलीतल्या मोर्सेली नावाच्या डॉक्टरांनी १८९१ साली त्याचं वर्णन केलं होतं, म्हणजे सेल्फीच्या कितीतरी आधी. दुसऱ्याला न दिसणारं किंवा जेमतेम दिसणारं व्यंग त्या माणसाला दिवसाचे कित्येक तास छळतं. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोघांना तो असतो, आमच्या दारात येणाऱ्यांत कितीतरी जास्त. अशा माणसाचं नाक कितीही सुरेख केलं तरी मन निवत नाही. आज नाक, उद्या हनुवटी, परवा डोळे.

तशी एक मुलगी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे नाक करून घेतलेलं, अगदी छान. आता हनुवटी हवी होती. बोलताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. टेबलावर तिचा फोन उपडा नव्हता, बंद होता, आणि त्या काळ्या काचेत ती मान किंचित वळवून वळवून स्वतःला बघत होती. पर्समधला छोटा आरसा तिनं पंधरा मिनिटांत चारदा काढला. नोकरी सोडली होती. मैत्रिणीच्या हळदीला गेली नव्हती, कारण तिथे ट्यूबलाइट होत्या आणि ट्यूबलाइटखाली हनुवटी दिसते. मी सर्जरीला नकार दिला. ती रडली, चिडली, आईनंही मला चार शब्द सुनावले. पण नकार देऊन मी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, ओळखीच्या मनोविकार तज्ज्ञांना त्यांच्यासमोरच फोन लावला. या आजारावर औषधं आहेत, विचारांच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती आहे, आणि त्यांचा खरंच उपयोग होतो. ती पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. पण वर्षभरानं ती पुन्हा नोकरीला लागली होती, आणि आरसा पर्समध्ये नव्हता.

तुमच्या मुलीला हे आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दोन स्थळांनी नाकारल्यावर कुणीही खट्टू होईल. पण तुम्ही आई आहात, तुमच्या लक्षात येईल. नाकाचा विचार ती दिवसातून किती वेळ करते? फोटो काढायचं, लग्नकार्याला जायचं, उजेडात बसायचं टाळते का? "दिसतंय का गं वाईट?" असं दहादा विचारून, तुम्ही नाही म्हणालात तरी तिचं समाधान होत नाही का? असं असेल तर सर्जनच्या आधी मनोविकार तज्ज्ञ. त्यात लाज कसली?

एक साधा प्रयोग घरी करा. मुली फोन हातभर अंतरावर धरून चेहरा बघतात, आणि नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे ते फुगून दिसतं. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा हिशेब मांडला होता. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. तिला सकाळच्या उजेडात पडवीत उभी करा, एक फोटो एका फुटावरून काढा, दुसरा पाच-सहा फुटांवरून, आणि दोन्ही शेजारी ठेवून तिलाच बघू द्या. माझ्या ओपीडीत हे दोन फोटो बघून काही जणी सर्जरीचा विषय स्वतःच बंद करतात. ज्या बंद करत नाहीत, त्यांच्याशी बोलणं तरी खऱ्या नाकाबद्दल होतं.

बाबांना पैशाचं हेही सांगा. नुसतं रूप सुधारण्याच्या सर्जरीला आरोग्य विमा पैसे देत नाही, आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. जन्मतः असलेलं व्यंग किंवा अपघातातली मोडतोड दुरुस्त करायची असेल तर तो कर नाही. तिच्या नाकाचा पडदा वाकडा असेल, श्वासाचा त्रास असेल, तर तेवढा भाग उपचाराचा ठरतो. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना जरूर दाखवा.

रूप सुधारणं वेगळं आणि मोडलेलं दुरुस्त करणं वेगळं, ही कायद्यानं ओढलेली रेघ आमच्या शास्त्रात फार जुनी आहे. नाकाची सर्जरी जन्मली ती कापलेली नाकं परत देण्यासाठी. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करण्याची कृती आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं होतं. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी खाली फिरवून त्याला नवं नाक दिलं, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकिगत छापून आली. ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ साली तशी सर्जरी केली, आणि तिथून ती युरोपभर गेली. नाक म्हणजे अब्रू, हे आपल्या भाषेला ठाऊकच आहे. कावसजीचं नाक खरोखर कापलं गेलं होतं. तुमच्या मुलीचं नाक जागेवर आहे, ताई. मध्यस्थांच्या एका वाक्यानं ते कापलं गेल्यासारखं घरात सगळे वागतायत, ते आधी थांबायला हवं. तिच्यासमोर नाकाची चर्चा बंद. मावश्या, काकू, शेजारी, सगळ्यांची.

एवढं करूनही ती म्हणाली की मला माझ्यासाठी हवंय, तर मग नीट करा. लग्नाची बोलणी वर्ष-सव्वा वर्ष बाजूला ठेवून करा. सर्जन निवडताना पाटी बघू नका, पदवी बघा. एम.एस. नंतर तीन वर्षांचं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी झालेले, किंवा नाकाच्या सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा सर्जन. नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत आहे का ते तपासता येतं. भूल कोण देणार, तो डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असणार का, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, हे तोंडावर विचारा. जाड कातडीच्या नाकांचे त्यांनी केलेले फोटो मागा, तेही एक वर्षानंतरचे. सहाव्या आठवड्यातल्या फोटोवर जाऊ नका. आणि पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम भरायला लावून "आज भराल तर सूट" म्हणणारं कुणी असेल, तर उठून या.

सर्जरी नको म्हटलं की मुली आडवाटा शोधतात, म्हणून दोन गोष्टींना माझा स्पष्ट नकार सांगते. एक म्हणजे पार्लरमध्ये फिलरचं, म्हणजे कातडीखाली भर घालणाऱ्या द्रव्याचं, इंजेक्शन देऊन नाक "वर काढणं". ते द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ते द्यायचंच असेल तर तज्ज्ञ डॉक्टरनं, उतारा हाताशी ठेवून द्यायचं. दुसरं म्हणजे गोरं करणारी क्रीमं, कारण नाकानंतर पाळी रंगाची येते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबा लावून लालबुंद, केसाळ, उन्हात आग होणारे चेहरे घेऊन मुली येतात. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. आणि लेबल नसलेल्या क्रीमांत पुष्कळदा पारा असतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमांनी मूत्रपिंडाचे आजार झालेले रुग्ण २०२३ साली उघडकीला आले.

पुढे काय ते सांगते. या आठवड्यात पडवीतले ते दोन फोटो काढा. मग तिला एकटीला शांतपणे, चहाच्या वेळी, तो फोनचा प्रश्न विचारा, आणि जे उत्तर येईल ते मधे न तोडता ऐका. उत्तर "मग कशाला" असं आलं, तर आंब्याचे पैसे कपाटात राहू द्या. "तरीही हवंय" असं आलं, तर जवळच्या कुठल्याही चांगल्या सर्जनला दाखवा, माझ्याकडेच यायला हवं असं नाही.

आणि जाताना सासूबाईंचा एखादा फोटो बरोबर न्या, तरुणपणीचा आणि म्हातारपणीचा, दोन्ही मिळाले तर बरं. वय वाढलं की नाकाचा शेंडा खाली उतरतो, कातडी बदलते, आणि तिचं नाक साठीत कसं दिसेल याचा सगळ्यात चांगला अंदाज मला त्या फोटोंतूनच येतो. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी घरातले जुने फोटो आणायला सांगते. मुलीनं ते आधी स्वतः नीट बघू दे.